जन्माला घालायला लावणारे आणि सांभाळणारे

गर्भात व्यंग आढळलं म्हणून गर्भपात करू द्यावा की नाही, हा वाद युरोप-अमेरिकेत पेटला की एक इतिहास हमखास बाहेर काढला जातो. रोमन लोक अधू मुलं टाकून देत. ख्रिस्ती लोकांनी ती उचलून घरी आणली. आणि आज चाचण्या करून अशा गर्भाला नकार देणारे म्हणजे परत फिरून आलेले रोमन. अमेरिकेत नॉर्थ डकोटानं २०१३मध्ये जनुकीय दोषाच्या कारणानं होणाऱ्या गर्भपातावर पहिल्यांदा बंदी घातली. २०२०मध्ये पोलंडच्या घटनात्मक न्यायालयानं हेच कारण बेकायदा ठरवलं. अशा बंदीमागे उभ्या राहणाऱ्या अनेकांच्या मनात पहिल्या ख्रिस्ती शतकांचं हेच चित्र असतं. त्यातलं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं गाळलेलं आहे, आणि आजच्या वादाच्या कामाचं जे काही आहे ते त्या गाळलेल्या भागात आहे, असं मला वाटतं.

खरं काय ते आधी. ॲरिस्टॉटलनं ‘राज्यशास्त्रा’त लिहून ठेवलं की व्यंग असलेलं मूल वाढवू नये, असा कायदाच असावा. रोमच्या बारा कोष्टकांच्या जुन्या कायद्यात फार विद्रूप मूल ताबडतोब मारण्याची तरतूद होती, असं रोमन वक्ता सिसेरो जाता जाता सांगतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचं वाक्य सगळ्यांत बोचणारं. रागावर लिहिताना तो उदाहरण देतो की दुबळी आणि विचित्र जन्मलेली मुलं आपण बुडवतो ती रागानं बुडवत नाही. निरुपयोगी ते धडधाकटापासून वेगळं करणं हे विवेकाचं काम आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये गाजलेला वैद्य सोरानुस सुइणींसाठीच्या ग्रंथात वाढवण्याजोगं बाळ कसं ओळखावं याच्या खुणा देतो: रडणं जोमदार हवं, अवयव पुरे हवेत, कान-नाक मोकळे हवेत. आणि टाकून देण्यासाठी व्यंगच लागत होतं असंही नाही. इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत सापडलेल्या इसवी सनपूर्व पहिल्या वर्षातल्या एका पत्रात नवरा गरोदर बायकोला अगदी मायेनं लिहितो की काळजी करू नकोस, पैसे मिळताच पाठवतो, मुलगा झाला तर ठेव आणि मुलगी झाली तर टाकून दे.

पण ॲरिस्टॉटलनं असावा म्हटलेला कायदा म्हणजे गल्लीतला व्यवहार नव्हे. हिपोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यकग्रंथांत जन्मतः वाकड्या पावलांवर पट्ट्या कशा बांधायच्या याचं तपशीलवार वर्णन आहे. मुलं सरसकट टाकली जात असती तर ते कुणासाठी लिहिलं? सम्राट क्लॉडियसला त्याची सख्खी आई निसर्गानं अर्धवट सोडलेला राक्षस म्हणत असे. तो तरीही वाढला आणि सम्राट झाला. राजघराण्यातला होता म्हणून वाचला असेल, हे मान्य. दुसरी गोष्ट, मुलं न टाकण्याची शिकवण ख्रिस्ती लोकांनी शून्यातून काढलेली नाही. ती ज्यूंची होती. ज्यू लोक एकही मूल मारत नाहीत, हे रोमन इतिहासकार टॅसिटस हेटाळणीच्या सुरात नोंदवतो. ज्यू इतिहासकार जोसेफस तीच गोष्ट अभिमानानं सांगतो. ख्रिस्ती मंडळींनी हा वारसा घेतला आणि ज्यू समाजाबाहेर नेला. तेवढंही श्रेय लहान नाही.

‘दिदाखे’ या इसवी सन १००च्या आसपासच्या छोट्या ख्रिस्ती शिकवणपुस्तिकेत गर्भातलं मूल मारू नको, जन्मलेलं मारू नको, अशी स्पष्ट आज्ञा आहे. त्या ओळीत अधू आणि धडधाकट असा भेदही नाही. साधारण १५५मध्ये जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रोमन सम्राटाला उद्देशून लिहितो की आम्ही मुलं टाकत नाही, कारण टाकलेली मुलं उचलून वेश्याव्यवसायाला लावली जातात आणि कुणी उचललं नाही तर आम्ही खुनी ठरतो. त्याच लेखनात पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो, जी उद्धृत करणारे सहसा सोडून देतात: रविवारच्या सभेत ज्याला जमेल त्यानं दिलेला पैसा प्रमुखाकडे जमा होतो आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी यांचं भागवलं जातं. चाळीसेक वर्षांनी कार्थेजचा टर्टुलियन हाच हिशेब अधिक खुलासेवार देतो. दर महिन्याची वर्गणी, सक्ती नाही, खर्च कशावर तर गरिबांचं अन्न, त्यांचे अंत्यविधी, आईबाप आणि मालमत्ता नसलेली मुलं-मुली, म्हातारे गुलाम. म्हणजे मुलं टाकू नका म्हणणाऱ्यांच्या हातात थैली होती, आणि ही दोन्ही कामं एकाच सभेत होत होती. हे लोक तेव्हा अल्पसंख्य होते आणि त्यांच्यावर अधूनमधून खटले भरले जात. कुणावर बंदी घालण्याची त्यांची ताकदच नव्हती. सांभाळणं एवढंच हातात होतं.

सत्ता आल्यावरचा क्रम तर फारच बोलका आहे. ख्रिस्ती धर्माच्या बाजूला गेलेला पहिला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइन, त्याचा ३१५च्या सुमाराचा एक कायदा आहे, इटलीतल्या शहरांसाठी: गरिबीमुळे पोसता येत नाही असं मूल घेऊन आईबाप आले तर सरकारी खजिन्यातून आणि सम्राटाच्या खासगी मिळकतीतून ताबडतोब अन्नवस्त्र द्यावं, कारण तान्ह्या बाळाला उशीर सोसत नाही. ३२२मध्ये आफ्रिकेसाठी असाच हुकूम निघाला. ३३१मध्ये सूर बदलला: टाकलेलं मूल ज्यानं उचललं त्यानं ते मुलगा म्हणून वाढवावं किंवा गुलाम म्हणून, टाकणाऱ्याला ते परत मागता येणार नाही. आणि बालहत्येला देहदंड ठरला तो ३७४मध्ये, पहिला व्हॅलेंटिनियन आणि त्याच्या सहसम्राटांच्या काळात. थोडक्यात, भाकरी आधी आली आणि शिक्षा जवळजवळ साठ वर्षांनी. ती भाकरी प्रत्यक्षात किती घरांत पोचली याबद्दल मी फार आशावादी नाही. रोमन नोकरशाहीही नोकरशाहीच होती. त्याच दशकात कायसेरियाचा बिशप बासिल शहराबाहेर गरिबांसाठी, आजाऱ्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी मोठा आश्रय उभारत होता. दुष्काळात पोटच्या मुलांपैकी कुणाला विकावं हे ठरवताना थिजलेल्या बापाचं वर्णन त्याच्या एका प्रवचनात आहे. आणि हाच बासिल प्रायश्चित्ताचे नियम लिहिताना म्हणतो की बाळाला वाचवणं शक्य असून जिनं टाकलं ती दोषी. पण उपासमारीमुळे, काहीच हाताशी नसल्यामुळे बाळ गेलं असेल तर त्या आईला क्षमा करावी. देहदंड ठरला त्याच काळातलं हे लेखन आहे.

आता या वारशाची काळी बाजू. ती गाळून ख्रिस्ती इतिहासाचं गुणगान करणं मला अप्रामाणिक वाटतं.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणूस पाहून शिष्य येशूला विचारतात की पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू सांगतो, दोघांचंही नाही. त्याच्याही आधी यहेज्केल संदेष्ट्यानं बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे बोलू नका, असं बजावलं होतं. म्हणजे दोषाचा प्रश्न धर्मग्रंथातच निकालात निघाला होता. चौथ्या-पाचव्या शतकात चर्चनं तो पुन्हा उघडला, आणि उघडणारा माणूस साधासुधा नव्हता.

उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टिन या बाबतीत दोन माणसं आहेत असं वाटावं. ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या सोळाव्या खंडात तो हिप्पो डायरिटस म्हणजे आजच्या ट्युनिशियातल्या बिझर्टमधल्या एका माणसाबद्दल लिहितो. त्याची पावलं चंद्रकोरीसारखी होती, प्रत्येक पावलाला दोनच बोटं होती आणि हातही तसेच होते. हाताच्या आणि पायाच्या मधल्या बोटांची वाढच न झाल्यानं होणारा जन्मजात दोष आजही दिसतो आणि पुष्कळदा तो घराण्यात चालत येतो. वर्णन तंतोतंत त्याचंच वाटतं. ऑगस्टिनचा निष्कर्ष ठाम आहे: आकार कितीही वेगळा असो, माणसाच्या पोटी जन्मलेला तो माणूस, त्याच आदामाचा वंशज. ज्याला सगळं चित्र दिसत नाही त्याला त्यातला एक भाग कुरूप वाटतो. सेनेकाला इतकं स्पष्ट उत्तर त्याच्याआधी कुणी दिलेलं माझ्या वाचनात नाही. पण एक्लानमचा बिशप ज्युलियन याच्याशी मूळ पापावरून, म्हणजे आदामाचं पाप प्रत्येकाला जन्मतःच मिळतं या शिकवणीवरून, भांडण जुंपलं तेव्हा हाच ऑगस्टिन आंधळ्या, लुळ्या, मतिमंद जन्मलेल्या बाळांना साक्षीदार म्हणून उभं करतो. देव न्यायी आहे. बाळानं स्वतः काही केलेलं नाही. तरी ते भोगतं आहे. म्हणजे त्याला पाप वंशानं मिळालेलं आहे. ज्युलियननं चिडून विचारलं की मग तुमचा देव नवजात बाळांचा छळ करणारा ठरत नाही का? हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो. ज्युलियन हरला आणि हद्दपार झाला, पण तो युक्तिवादात हरला असं म्हणवत नाही. (चौदाशे वर्षांनी आनुवंशिकतेचे नियम मटारच्या रोपांवर शोधणारा ग्रेगोर मेंडेल ऑगस्टिनच्याच नावाच्या संघातला मठवासी होता. इतिहासालाही विनोदबुद्धी असते.)

ऑगस्टिनच्या लेखी पाप साऱ्या मानवजातीचं होतं. खालच्या पायरीवर येता येता ते एकट्या आईच्या माथ्यावर आलं. सहाव्या शतकातला तूरचा बिशप ग्रेगरी संत मार्टिनच्या चमत्कारांत एक हकीकत सांगतो. बेरी प्रांतातल्या एका बाईला मुलगा झाला. त्याचे गुडघे पोटाशी, टाचा मांड्यांशी, हात छातीला चिकटलेले, डोळे मिटलेले. लोक हसत, आईला टोचून विचारत. तिनं रडत कबूल केलं की रविवारच्या रात्री गर्भ राहिला. यावर ग्रेगरी नवरा-बायकोंना तंबी देतो की इतर दिवस पुरेत, हा दिवस देवाला सोडा, नाहीतर लुळी, फेफरं येणारी, कुष्ठरोगी पोरं होतील. आर्लचा बिशप सिझेरियस याच धाटणीचं सांगून गेला होता. ग्रहणात सुरी हातात धरली होतीस का, असं ओठ दुभंगलेलं मूल झालेल्या बाईला आपल्याकडे आजही विचारतात. ग्रेगरीला त्याचं नवल वाटलं नसतं.

पण त्याच हकीकतीत एक वाक्य आहे, ज्यावरून ग्रेगरी पटकन पुढे सरकतो. मुलाला मारायला त्या आईचं मन धजलं नाही, तिनं त्याला धडधाकट मुलासारखं वाढवलं. थोडा मोठा झाल्यावर भिकाऱ्यांच्या हवाली केलं. त्यांनी त्याला गाडीवर घालून गावोगाव फिरवलं आणि त्याच्या जिवावर भीक मिळवली. प्रवचन, दोषारोप, आईची माया आणि व्यंगाचा धंदा, सगळं एका पानावर. संत मार्टिननं त्याला बरं केलं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. तोवरची अकराएक वर्षं त्याला कुणीतरी भरवलं होतं, हे मात्र मी खरं मानतो.

याच गॉलमध्ये, आजच्या फ्रान्सातल्या शालों-स्युर-सोनजवळ, पाचव्या-सहाव्या शतकातल्या दफनभूमीत पाच ते सात वर्षांच्या मुलाचा सांगाडा सापडला. कवटीच्या ठेवणीवरून त्याला डाउन सिंड्रोम, म्हणजे शरीराची आणि बुद्धीची वाढ मंदावणारा जन्मजात दोष, असावा, असं निदान करणारा अभ्यास २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचं दफन इतरांसारखंच होतं, पाठीवर, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. वेगळा कोपरा नाही, वेगळी रीत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात दोष असतो. स्नायू सैल असल्यानं अंगावर पिणंही त्यांना जड जातं. औषधं नसलेल्या त्या काळात असं मूल पाच-सात वर्षांचं होणं म्हणजे कुणीतरी रात्री जागवल्या, घास भरडून भरवले. मला त्या थडग्यापेक्षा त्याआधीची पाच-सात वर्षं महत्त्वाची वाटतात.

या मुलांच्या आयांना दोषमुक्त करायला १९५९ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, रेमाँ तुर्पँ आणि मार्थ गोतिए यांनी डाउन सिंड्रोमच्या मुळाशी असलेली एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत दाखवून दिली. (पेशी वाढवण्याचं काम गोतिएबाईंचं, निबंधात त्यांचं नाव चुकीचं छापलं गेलं आणि कीर्ती लेज्यूनला मिळाली.) बहुतेक वेळा ही जास्तीची प्रत बीजपेशी तयार होताना झालेल्या विभाजनातल्या चुकीनं येते; आईनं केलेल्या किंवा न केलेल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नसतो. आईच्या वयाबरोबर शक्यता वाढते एवढंच. लेज्यून कट्टर कॅथलिक होता. आपल्या शोधाचा उपयोग गर्भ ओळखून काढून टाकण्यासाठी होणार हे दिसताच तो गर्भपाताच्या विरोधात उभा राहिला, २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला ‘पूजनीय’ (संतपदाच्या वाटेवरची एक पायरी) घोषित केलं. त्याच्या सगळ्या मतांशी मी सहमत नाही. पण तो आयुष्यभर या मुलांचा डॉक्टर राहिला, त्यांच्या आईबापांना भेटत राहिला, त्यामुळे त्याच्या विरोधाला वजन आहे.

डेन्मार्कनं २००४पासून सगळ्या गर्भवतींना डाउन सिंड्रोम ओळखण्याची चाचणी देऊ केली. तिथे निदान झालेली जवळजवळ सगळी जोडपी गर्भपात निवडतात. त्यांना रोमन म्हणणं चूक आहे. गर्भ आणि जन्मलेलं बाळ यांत फरक करायला जागा आहे आणि निर्णय जिच्या शरीराचा आहे तिचाच असावा, असं मी मानतो. पण हे म्हणतानाही सेनेकाचा तो ‘विवेक’ मला खुपत राहतो. प्रत्येक जोडपं स्वतंत्रपणे ठरवतं आणि सगळ्यांचं उत्तर एकच येतं, तेव्हा ते उत्तर किती स्वतंत्र होतं हे विचारायला हवं. निदान सांगणारा डॉक्टर आवाज खाली आणून सॉरी म्हणत असेल, तर चाचणीबरोबर निकालही सुनावला गेलेला असतो.

पोलंडमध्ये उलट घडलं. २०१६च्या ऑक्टोबरात सत्ताधारी पक्षाचे नेते यारोस्लाव काचिन्स्की यांनी मुलाखतीत सांगितलं की मूल मरणारच आहे, फार विद्रूप आहे, अशा गर्भारपणांचाही शेवट जन्मातच व्हावा, म्हणजे त्या मुलाचा बाप्तिस्मा होईल, दफन होईल, त्याला नाव मिळेल. पुढच्याच महिन्यात कायदा झाला: गंभीर व्यंग असलेलं मूल जन्माला आल्यावर एकदाच चार हजार झ्लॉटी, म्हणजे तेव्हाच्या दरानं पासष्ट-सत्तर हजार रुपये. एकदाच. २०१८च्या एप्रिलात सज्ञान झालेल्या अपंग मुलांना घेऊन काही आया पोलंडच्या संसदेत शिरल्या आणि तिथल्या जमिनीवर गाद्या टाकून ४० दिवस राहिल्या. मागणी महिन्याला ५०० झ्लॉटींच्या भत्त्याची होती. त्या वेळी ती मान्य झाली नाही; पेन्शन थोडी वाढवून सरकारनं विषय मिटवला. भत्ता आला तो दुसऱ्या वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर. या आयांना शुश्रूषेचा जो भत्ता मिळे त्याची अट अशी होती की त्यांनी एक झ्लॉटीसुद्धा कमवायचा नाही. ही अट २०२४पर्यंत तरी टिकली. आणि २०२०च्या ऑक्टोबरात न्यायालयानं गर्भातल्या दोषाचं कारण रद्द केलं, तेव्हा देशातल्या कायदेशीर गर्भपातांपैकी जवळजवळ सगळे याच कारणानं होत होते: २०१९मध्ये अकराशेच्या आसपास. पुढच्या वर्षी प्श्चिना गावात बाविसाव्या आठवड्यात गर्भजल गेलेली एक तिशीची बाई रक्तात जंतुसंसर्ग होऊन मेली. गर्भात दोष आहे हे आधीच कळलेलं होतं, आणि डॉक्टर त्याचे ठोके थांबायची वाट बघत राहिले, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं होतं.

बाप्तिस्मा, दफन, नाव. काचिन्स्कींच्या यादीत मधलं सगळं आयुष्य गाळलेलं आहे. टर्टुलियनच्या यादीत अंत्यविधी होता, पण त्याच्या आधी अन्न होतं. वॉर्सातल्या आया पहिल्या तीन शतकांचा वारसा मागत होत्या आणि सरकार त्यांना ३७४चा देत होतं. बासिलनं उपाशी आईला दिलेली सवलतही त्यात नव्हती.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावर आहे. गर्भपाताच्या कायद्यात २०२१मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं तर चोविसाव्या आठवड्यानंतरही गर्भपाताला परवानगी मिळू शकते, आणि ती तरतूद योग्य आहे. पण मंडळासमोर आलेल्या बाईला मूल वाढवायचं असेल तर तिच्यापुढे काय ठेवलं जातं? सोनोग्राफीचा अहवाल हातात देताना सोबत जनुकीय समुपदेशक किती ठिकाणी असतो? अशी मुलं वाढवणाऱ्या एखाद्या घराशी तिची भेट कुणी घालून देतं का? गतिमंद मुलांच्या शाळांच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या आईबापांच्या तोंडी एकच विषय असतो, आमच्या माघारी याचं कसं. मूल अठराचं झालं की शाळा संपते, आणि पुढचं घर, पुढची कार्यशाळा, पुढचा माणूस ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं शोधायचा. गर्भपाताला बंदी घाला म्हणणाऱ्यांनी आधी या खर्चाचा आकडा अर्थसंकल्पात दाखवावा, दरमहा आणि तहहयात, मग धर्माचा दाखला द्यावा. आणि निवडीच्या बाजूनं बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनीही त्याच आकड्यासाठी भांडावं, कारण तो नसेल तर चाचणीनंतर त्या बाईपुढे निवडायला एकच वाट उरते.